निळ्या जारची जमाबंदी

नीरा आणि भीमा या दोन नद्या नीरा-नरसिंहपुरास एकमेकींना मिळण्यापूर्वी ज्या भूभागाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, आणि ज्याच्या पश्चिमेस बारामती व पूर्वेस इंदापूर हे तालुके वसलेले आहेत, त्या मुलखात प्यावयाचे पाणी विकत घ्यावे लागते, हे वर्तमान पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या पाटील-कुलकर्ण्यास सांगितले असते, तर त्याने ते खचितच खरे मानले नसते. कालवा वाहतो आहे, उजनीचा फुगवटा पळसदेवापर्यंत आणि त्याच्याही वर पसरला आहे, सडकेच्या दोहों बाजूंस ऊस पुरुषभर उंच उभा आहे. आणि तरीही सकाळी आठच्या सुमारास गावच्या चौकात छोटा हत्ती येऊन थांबतो, त्यातून वीस-वीस लिटरचे जार उतरतात, आणि किराणा दुकान, दवाखाना, सोसायटीचे कार्यालय, मंगल कार्यालय व आता पुष्कळशी राहती घरेही त्या जारांवर आपला दिवस काढतात. या लेखाचा विषय त्या जारातील पाण्याहून अधिक त्या जाराचा देह हा आहे. परंतु जार घरात का आला हे सांगितल्यावाचून तो विषय अर्धाच राहील.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर सरकारने नीरेचा डावा कालवा काढावयास घेतला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या काळ्या जमिनीत खेळू लागले. पाणी आले तसा ऊस आला, आणि उसाला पाणी जितके द्यावे तितके थोडे अशी जी समजूत एकदा रूढ झाली, ती आजतागायत हटलेली नाही. परिणाम असा झाला, की निचरा नसलेल्या खोल जमिनींच्या पोटातले क्षार वर येऊ लागले आणि चांगल्या रानांवर पांढरा थर धरू लागला. १९१० साली, म्हणजे कालवा सुरू झाल्यास पुरती तीस वर्षेही लोटली नव्हती तेव्हा, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याच्या वतीने डॉ. हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. चोपण आणि क्षारपड हे शब्द इकडच्या शेतकऱ्यास शिकवावे लागत नाहीत. जमिनीचे जे झाले तेच कालांतराने विहिरींचे व बोअरांचे झाले: पाण्यात डाळ शिजेना, चहा फाटू लागला, भांड्यांवर पांढरी पुटे चढू लागली. दुसऱ्या अंगास उजनी. १९८० साली पुरे झालेल्या या धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमा यांच्या वाटेने येऊन साठते, हे भिगवणच्या मच्छीमारास कोणत्याही अहवालावाचून ठाऊक आहे. कालव्याच्या शेपटाकडच्या बावीस गावांना तर पाणी हीच मुळी वर्षानुवर्षांची मागणी. लाकडी-निंबोडीची उपसा योजना तिच्यातूनच जन्मली. अशा स्थितीत आरओचे यंत्र बसवून क्षार काढलेले पाणी जारात भरून विकणारा मनुष्य लोकांना उपकारकर्ता वाटला, यात नवल नाही. तो उपकारकर्ता आहेही. जुन्या एका व्याधीवरचा हा उपाय आहे, आणि त्याची निंदा करण्याचा मला अधिकार नाही.

प्रश्न जाराचा आहे. बाजारात दोन-तीन जातींचे जार फिरतात. ज्याला जाड भिंती व तोटी असते, ज्यातून आरपार दिसत नाही आणि ज्यात पाणी थंड राहते, तो बहुधा पॉलिएथिलीन अथवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्या जातींच्या घडणीत आपल्या विषयाचे बिस्फेनॉल-ए हे रसायन लागत नाही. परंतु जो काचेसारखा पारदर्शक, फिकट निळसर, उलटा करून स्टँडवर बसवावयाचा, आणि टेम्पोतून पडला तरी सहसा न फुटणारा जार असतो, तो पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा असतो. बुडाशी त्रिकोणात ७ हा आकडा व जवळ ‘पीसी’ ही अक्षरे असली, तर शंकेस जागा उरत नाही. १ हा आकडा असला तर तो पेटचा, आणि पेटमध्ये हे रसायन वापरीत नाहीत. पॉलिकार्बोनेट म्हणजे याच बिस्फेनॉल-एच्या रेणूंचा, एका धाग्यात ओवलेल्या मण्यांसारखा, लांबच लांब सर. त्या धाग्याच्या गाठी उष्णतेने आणि अल्कलीने हळूहळू सुटतात, आणि सुटलेला मणी पाण्यात उतरतो. ओवताना मोकळे राहून गेलेले काही मणीही आरंभापासून त्यात असतातच.

या मण्याचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. रशियन रसायनज्ञ अलेक्सांद्र दियानिन याने १८९१ साली तो प्रथम तयार केला, आणि त्यानंतर चार दशके त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३६ साली लंडनमधील एडवर्ड चार्ल्स डॉड्स हा शास्त्रज्ञ स्त्रीदेहातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे काम करणारे एखादे स्वस्त, कृत्रिम द्रव्य शोधीत होता. बीजकोश काढलेल्या उंदरिणींवर त्याने जी अनेक द्रव्ये चाचपून पाहिली, त्यांत बिस्फेनॉल-ए होते, आणि ते संप्रेरकासारखे वागते असे त्याला आढळले. औषध म्हणून त्याचा उपयोग झाला नाही, याचे कारण एवढेच, की दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, त्याच्या हाती डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कितीतरी अधिक प्रबळ द्रव्य लागले. ते पुढे लक्षावधी गर्भवतींना देण्यात आले, आणि १९७१ मध्ये, त्या मातांच्या तरुण कन्यांना एका दुर्मीळ कर्करोगाने गाठल्याचे उघडकीस आल्यावर, अमेरिकेत गर्भारपणी ते देऊ नये असा इशारा निघाला. ज्या रसायनाची पहिली ओळख संप्रेरकाचा प्रतिनिधी म्हणून झाली, त्याचीच पुढे भांडी घडविण्यात आली. आणि ही ओळख भांडी घडविणाऱ्यांच्या दप्तरातून कशी गळाली, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही सापडले नाही.

१९५३ साली जर्मनीत बायरच्या हेर्मान श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने, एकमेकांच्या नकळत, पॉलिकार्बोनेट सिद्ध केले. त्याच बिस्फेनॉलापासून होणाऱ्या इपॉक्सी राळेचे अस्तर अन्नाच्या डब्यांना आतून लागू लागले. या उद्योगाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचाही एक मानाचा धागा आहे: पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेट घन अवस्थेतच घडविण्याच्या पद्धतीवर संशोधन केले आणि १९९० नंतरच्या दशकात तिचे एकस्व जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीने घेतले. भारतीय प्रयोगशाळेच्या दारी परदेशी कंपनी विद्या मागावयास आली, याचा तेव्हा योग्य तो अभिमान झाला, आणि मला तो आजही वाटतो. जो पदार्थ कसा घडवावा हे ज्या जिल्ह्यास इतके चांगले कळते, त्याने तो पदार्थ माणसाच्या देहात काय करतो हेही स्वतः मोजावे, एवढीच अपेक्षा त्या अभिमानातून उत्पन्न होते.

बिस्फेनॉलाचे जुने रूप पुन्हा ध्यानात आले ते दोन अपघातांमुळे. १९९३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन, अरुणा कृष्णन आणि त्यांचे सहकारी यीस्टमध्ये इस्ट्रोजेन असते काय हे तपासीत असता त्यांना ते सापडले खरे. परंतु शोधाअंती असे निष्पन्न झाले, की ते यीस्टमधून आलेले नसून, ज्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंत पाणी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले होते, त्या चंबूंतून उतरले होते. दुसरा अपघात १९९८ मधला. क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या प्रयोगातील निकोप उंदरिणींच्या बीजांडांत गुणसूत्रांची मांडणी एकाएकी विस्कटलेली दिसू लागली. एरवी शेकडा एक-दोन असणारा दोष चाळीसवर गेला. कारण शोधता असे दिसले, की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या कोणीतरी फरशी धुण्याच्या तीव्र अल्कली साबणाने धुतल्या होत्या. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पिंजरे राहिले नाहीत. जार भरण्याच्या शेडमधली ती मोरी आली, जिच्यात परत आलेले जार गरम पाण्याने व कपडे धुण्याच्या पावडरीने, आतून तारेच्या किंवा ताठ केसांच्या ब्रशाने घासले जातात. जंतूंच्या दृष्टीने ती स्वच्छता स्तुत्यच आहे. परंतु उष्णता, अल्कली आणि ओरखडे या तिन्ही गोष्टी पॉलिकार्बोनेटच्या गाठी सोडविणाऱ्या आहेत, आणि एकच जार वर्षानुवर्षे या तिहींतून पुनःपुन्हा जातो.

उष्णतेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. सिनसिनाटी येथील संशोधकांनी २००८ साली पॉलिकार्बोनेटच्या नव्या व वापरलेल्या बाटल्यांत उकळते पाणी ओतून पाहिले, तेव्हा बिस्फेनॉल उतरण्याचा वेग साध्या तापमानाच्या १५ ते ५५ पट झाला. आणि विशेष हे, की बाटली जुनी की नवी यापेक्षा पाणी किती तापलेले, यावरच तो मुख्यतः अवलंबून होता. आपला जारवाला उकळते पाणी भरीत नाही हे खरे. तथापि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्या टेम्पोत, पत्र्याच्या शेडखाली आणि दुकानाच्या पायरीवर ठेवलेला जार दिवसभर उन्हात शिजतच असतो, आणि पिणारा मनुष्यही त्याच दिवसांत सर्वाधिक पाणी पितो. थंड पेयांनीही देहात भर पडते, हे हार्वर्डच्या २००९ मधील एका साध्या प्रयोगाने दाखविले: ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून थंड पेये प्यायल्यावर त्यांच्या लघवीतील बिस्फेनॉल सुमारे दोन-तृतीयांशाने वाढले. उलट, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, पाच कुटुंबांनी तीनच दिवस डबाबंद व प्लॅस्टिकबंद अन्न वर्ज्य करताच ते प्रमाण दोन-तृतीयांशाने उतरले. हे द्रव्य देहात साठून राहत नाही. यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि काही तासांत ते लघवीवाटे निघून जाते. दिलासा इतकाच, आणि त्यालाही मर्यादा आहे: जे रोज जाते ते रोज येतही असते, आणि गर्भस्थ किंवा तान्ह्या बालकाचे यकृत ही कामगिरी बजावण्यास अद्याप समर्थ झालेले नसते.

या बालकाच्याच संदर्भात मुंबईस परळ येथे झालेले काम प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे. तेथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. गीता वनगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना, गर्भाच्या बाराव्या दिवसापासून ते पिल्ले एकवीस दिवसांची होईतो, दर किलो वजनामागे रोज १.२ व २.४ मायक्रोग्राम इतके अल्प बिस्फेनॉल-ए पाजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे, त्या मातांचे नर वंशज वयात आल्यावर त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या व चलनवलन घटलेले आढळले, त्यांच्यापासून राहिलेल्या गर्भांपैकी अधिक गर्भ दगावले, आणि ज्या पुढच्या पिढ्यांना स्वतःला एक थेंबही पाजलेला नव्हता त्यांच्यातही ही क्षीणता उतरली. उंदराचे ते माणसाचे असे म्हणता येत नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य असेल. परंतु वरील दोन आकडे वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावेत. कारण त्या काळी युरोप आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी माणसाला जन्मभर रोज निर्धास्तपणे चालेल असे जे प्रमाण ठरविलेले होते, ते किलोमागे ५० मायक्रोग्राम होते. परळच्या उंदरांना त्याचा विसावा-चाळिसावा हिस्सा देण्यात आला होता.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली ते प्रमाण ५० वरून ४ मायक्रोग्रामवर आणले, आणि एप्रिल २०२३ मध्ये, उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवर अत्यल्प मात्रेनेही परिणाम होतो असे मानून, ते ०.२ नॅनोग्रामवर, म्हणजे एकदम वीस हजार पटींनी खाली उतरविले. साठ किलोच्या मनुष्यास सर्वांत जुन्या हिशेबाने दिवसाकाठी ३ मिलिग्राम चालत होते. नव्या हिशेबाने १२ नॅनोग्राम. पॉलिकार्बोनेटच्या भांड्यातील पाण्यात साध्या तापमानाला उतरणारे बिस्फेनॉल लिटरमागे नॅनोग्रामांत, फार तर एखाद्या मायक्रोग्रामच्या घरात असते. तेव्हा जुन्या मापाने निळा जार सर्वस्वी निर्दोष ठरतो, आणि नव्या मापाने तोच जार दोषी ठरतो. जार बदललेला नाही, पाणी बदललेले नाही, माप बदलले आहे.

इंदापूर तालुक्याला मापाचा हा अनुभव नवा नाही. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नावाच्या साहेबाने दख्खनच्या जमिनींची मोजणी करून, पिकाच्या निव्वळ उत्पन्नाचा मोठा काटेकोर हिशेब मांडून, सारा ठरविला. कागदावर तो हिशेब बिनचूक होता. रयतेच्या पाठीवर तो इतका जड झाला, की शेते ओस पडली आणि माणसे परागंदा झाली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात शिवारांत हिंडून जमिनीची प्रत नव्याने पाहिली आणि १८३६ मध्ये दर उतरवून तीस वर्षांची जी जमाबंदी बांधून दिली, तीच पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची रीत झाली. बिस्फेनॉलाचे पहिले माप प्रिंगलच्या जातीचे होते. जितका डोस अधिक तितके नुकसान अधिक, म्हणून मोठे डोस देऊन पाहावे आणि खाली उतरत येताना शंभराने भागून सुरक्षित आकडा लिहावा, अशी ती पद्धत. संप्रेरके मात्र मुळातच अत्यल्प मात्रेत देहाचा कारभार चालवितात, आणि त्यांचा तोतया दरबारात शिरला तर त्याचा उपद्रव त्याच्या वजनावरून मोजता येत नाही.

नवे मापही सर्वांस मान्य आहे असे नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०२३ मध्येच स्वतःचा वेगळा आकडा दिला, आणि तो युरोपीय आकड्याच्या हजार पट आहे. अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाच्या मोठ्या उंदीर-प्रयोगाने २०१८ साली अल्प मात्रेचे परिणाम नगण्य ठरविले. माणसांविषयीचा पुरावा बहुतांशी सहसंबंधाचा आहे. २००८ मध्ये १४५५ अमेरिकी प्रौढांच्या पाहणीत ज्यांच्या लघवीत बिस्फेनॉल अधिक त्यांच्यात हृदयविकार व मधुमेह अधिक आढळला. पण डबाबंद अन्न खाणारा मनुष्य इतरही पुष्कळ गोष्टी करीत असतो. विद्वानांत इतका मतभेद असता युरोपीय संघाने वाद मिटण्याची वाट पाहिली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. १९ डिसेंबर २०२४ च्या नियमाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-ए वापरण्यास मनाई झाली आणि २० जानेवारी २०२५ पासून तिचा अंमल, ठरावीक मुदती देऊन, सुरू झाला.

आपल्याकडे तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांपुरता प्रश्न सुटला आहे: भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकाप्रमाणे त्या बिस्फेनॉलमुक्त असावयास हव्यात. त्या बाटलीत दूध कालविण्यासाठी पाणी कोठून येते, हे मात्र मानकाने विचारलेले नाही. अन्नवेष्टनाच्या २०१८ च्या नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांची मिळून किलोमागे ६० मिलिग्राम अशी एकत्रित मर्यादा आहे. जे द्रव्य मिलिग्रामच्या लक्षांशात काम करते, त्याला त्या ढोबळ बेरजेत कोण शोधणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅकबंद पिण्याचे पाणी अतिजोखमीच्या वर्गात घालून वार्षिक तपासणी आवश्यक करण्यात आली, हे चांगलेच झाले. परंतु सील नसलेले, सुटे विकले जाणारे जारचे पाणी त्या व्याख्येत बसते की नाही, आणि त्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची, नगरपालिकेची की ग्रामपंचायतीची, हा प्रश्न एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहतो. पाण्याचीच ही कथा, तेथे जाराच्या प्लॅस्टिकची खातरजमा कोणी करावी?

जारच एकटा अपराधी आहे असेही कोणी समजू नये. एसटीच्या वाहकाच्या कमरेच्या यंत्रातून निघणारे तिकीट, पेट्रोल पंपाची पावती आणि बाजारातील बिल ज्या उष्ण-संवेदी कागदावर छापले जाते, त्या जातीच्या कागदावर शाईऐवजी रंग उमटविणारी पूड असते, आणि ती पुष्कळदा बिस्फेनॉल-ए असते. प्लॅस्टिकात हा रेणू ओवलेला असतो. कागदावर तो मोकळा असतो, आणि बोटांना लागतो. युरोपात जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याचे प्रमाण शेकडा ०.०२ च्या वर ठेवता येत नाही. आपल्या रोलात काय आहे, हे रोलावर छापलेले नसते, आणि बारामती-इंदापूर फेरीचा वाहक दिवसभर तो हाताळून त्याच हाताने जेवावयास बसतो. ‘बीपीए-फ्री’ म्हणून मिरविणाऱ्या काही मालात बिस्फेनॉल-एस किंवा बिस्फेनॉल-एफ ही त्याची भावंडे घातलेली असतात, आणि त्यांची चालही पुष्कळशी त्याच्यासारखीच आढळली आहे.

घरोघरी काय करावे, हे थोडक्यात सांगता येते: जाराचा आकडा पाहावा; सात असेल तर पेटच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या जाराची मागणी करावी; आलेले पाणी माठात किंवा स्टीलच्या पिंपात ओतून जार सावलीत रिकामा करावा; ओरखडे पडून धुरकट झालेला जार परत करावा; तान्ह्या मुलासाठी व गर्भवतीसाठी पाणी स्टीलमध्येच ठेवावे. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे, की या लेखामुळे घाबरून कोणी गढूळ अथवा खारे पाणी पिऊ नये. कावीळ व अतिसार आठवड्यात गाठतात. बिस्फेनॉलाचा हिशेब पिढ्यांचा आहे.

परंतु गृहिणीच्या सावधपणावर सारा भार टाकून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. बाकीचे काम मोजणीचे आहे, आणि ती येथेच होऊ शकते. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, जिचा या मातीच्या क्षारांशी रोजचा परिचय आहे. द्रवात नॅनोग्राम मोजणारी यंत्रे सुमारे शंभर किलोमीटरवर पाषाणला आहेत. मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा, जारचे पाणी पिणाऱ्या आणि विहिरीचे पाणी पिणाऱ्या गर्भवतींच्या सकाळच्या लघवीचे नमुने, त्यांच्या संमतीने, प्लॅस्टिकात न भरता काचेच्या कुपीत घ्यावेत. ज्या जारातून त्या पाणी पितात त्याचा आकडा, वय आणि तो उन्हात किती वेळ राहतो याची नोंद त्यांच्या नावापुढे करावी. आणि भरण्याच्या शेडमधील धुण्याच्या पाण्याचाही एक नमुना घ्यावा. अमेरिकेत २००३-०४ सालीच सहा वर्षांवरील २५१७ लोकांचे असे नमुने तपासले गेले आणि शेकडा ९३ जणांत बिस्फेनॉल आढळले. नीरा-भीमेच्या मधल्या माणसांचा असा आकडा निघाला, तर तालुक्यात कोणता जार चालू द्यावा आणि कोणता बंद करावा, हे तहसील कचेरीस परक्या मुलखाच्या कागदावरून ठरवावे लागणार नाही.